रॅपमध्ये ‘मोठा होणार’ आणि ‘कुणावर भरवसा नाही’ : ही जोडी आता पुरे?

मल्हारगंजकर
इंदूरची पोरं मराठी-हिंदी मिसळून बरं लिहितात. पण व्हर्स (गाण्याचं कडवं) उघडला की तेच: आठ बार स्वप्नं, आठ बार पाठीत सुरा. बार म्हणजे चार ठोके. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, १६ बार म्हणजे ६४ ठोके, जेमतेम ४३ सेकंद. त्यातली निम्मी ‘जळणाऱ्यां’वर घालवायची? नमुना:

*स्वप्नं मोठी, मेहनत खरी, जळणारे जळू दे*
*पाठीत वार करणारे सारे आता वळू दे*

शहर बदला, गायक बदला, काही फरक पडत नाही. मुळात भीतीच उसनी आहे. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या पोराच्या मागावर कोण असणार?

रामबागवाली
नमुना रद्दी आहे, मान्य. जोडी रद्दी नाही. अमेरिकन रॅपर बिगीचं ‘टेन क्रॅक कमांडमेंट्स’ घ्या. पहिला नियम, जवळ किती पैसा आहे ते कुणाला कळू देऊ नका. दुसरा, पुढची चाल सांगू नका. दहाही नियम ड्रग्जच्या धंद्याचे, मोजून मांडलेले. म्हणजे लपवाछपवीच्या गाण्यात तपशील जास्त लागतो, कमी नाही. ९ मार्च १९९७ ला त्याचा खून झाला आणि हे गाणं असलेला अल्बम २५ मार्चला आला. तिथे सावधपणा हा पोज नव्हता.

आणि आपल्याला हे परकं कशाला वाटावं? राजकारण करा पण कळू देऊ नका, हे समर्थ सांगून गेलेत.

मल्हारगंजकर
तेच तर म्हणतोय! तिथे खरा धोका होता. इंदूरच्या सुदामा नगरात कसला?

ठेका_चुकला
भिया, घरचा. बाहेरच्या दुश्मनापेक्षा इथे ‘बाबांना कळू नये’ हे मोठं. त्यावर लिहा ना:

*क्लासची फी भरली म्हटलं, पावती नाही दाखवली*
*दप्तरात माइक, वर वही, आईने चेन लावली*

एका बारमध्ये सोळा बारीक घरं असतात. पहिल्या ओळीत १४ उच्चार बसतात, दोन घरं श्वासाला उरतात. बहुतेक जण १८-१९ कोंबतात, मग शब्दांची शेपटं गिळली जातात आणि ऐकणाऱ्याला फक्त ‘मेहनत’ ऐकू येतं.

रामबागवाली
ओळी आवडल्या, यमक नाही. दाखवली-लावली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ली-ली, ला-ला फुकट मिळतं आणि म्हणूनच स्वस्त वाटतं. शिवाय माइक ओळीच्या सुरुवातीलाच फुटला, मग लपवलं काय? नाम शेवटी न्या:

*फी भरली म्हटलं, पावती कुठेच नाही घरात*
*आईनेच चेन लावली, माइक होता दप्तरात*

‘घरात’ आणि ‘दप्तरात’ यांचा ‘रात’ चौथ्या ठोक्यावर, स्नेअर ड्रमच्या कडक आवाजावर पाडा. ‘लावली’नंतर एक घर रिकामं सोडा. ‘आईनेच’मधल्या ‘च’ने तिला माहीत होतं की नव्हतं, ते उघडंच राहतं.

मल्हारगंजकर
सुंदर. पण स्टेजवर मेलं. गणपतीच्या मांडवात पाचशे लोक असतील तर ‘च’ कोण ऐकतं? तिथे ‘मोठा होणार’च चालतं, हात वर करून म्हणता येतं.

ठेका_चुकला
मग ते हुकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात टाका. चार बार, तीन-चार शब्दांची ओळ, दोनदा. गुपित व्हर्समध्ये ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये हुकवर आवाजाचे दोन-तीन थर चढवा, पण गुपिताच्या ओळीवर एकच टेक, माइकच्या जवळून. तिथे आवाज डबल केला की कुजबुजीची घोषणा होते. ही चूक सर्रास होते, कारण एकदा लावलेली सेटिंग पूर्ण ट्रॅकभर तशीच ओढली जाते.

मल्हारगंजकर
म्हणजे महत्त्वाकांक्षा माइक लावून आणि सावधपणा कानात. बघू. ‘जळणारे’ मात्र परत आले तर मी परत येणार.

बाकी ते फीचे पैसे गेले कुठे?

रामबागवाली
दुसऱ्या व्हर्सपर्यंत सांगायचं नाही.