चकजवळ बरोबर, टोकाला जाड. लहान लेथवर टेपर येतोय आणि पार्टिंगही अडतंय

बीडकाम
लेथ 180 × 350 चा आहे (180 मिमी व्यासापर्यंतचा जॉब, सेंटरमधलं अंतर 350), 80 मिमीचा तीन जॉचा चक (बार पकडून फिरवणारा). 25 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) बार चकमध्ये धरला, बाहेर 120 मिमी ठेवला. टेलस्टॉक (मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग) लावला नव्हता. 24 ला टर्न करायचा होता. चकजवळ 24.02 आला, टोकाला 24.09, म्हणजे टेपर. टोकाकडे बारीक लाटाही उमटल्यात.

दुसरी अडचण पार्टिंगची, म्हणजे बार कापून वेगळा करण्याची. 2 मिमीचं ब्लेड, 600 आरपीएम. 3 मिमी आत गेलं की किंचाळायला लागतं, मग जॉब (कापला जाणारा बार) ब्लेडवर चढतो आणि चक जागीच थांबतो. दोनदा असं झालं.

टेलस्टॉक सेट करू, की हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करून तो थोडा वळवू?

सूतभर
टेलस्टॉक बघा. टोकाला जाड येतंय म्हणजे तो मागे, तुमच्यापासून लांब सरकलाय. सेट स्क्रू ढिले करून पुढे ओढा, काम संपलं.

गुण्या
जॉब टेलस्टॉकच्या सेंटरवर (टोकदार आधारावर) टेकवला असता तर वरचं निदान बरोबर होतं. पण बार फक्त चकमध्ये धरलाय, टेलस्टॉकचा त्याला स्पर्शही नाही. तो हलवून या टेपरमध्ये काडीचा फरक पडणार नाही, आणि उद्या ड्रिल मारताना मात्र भोक बाजूला जाईल. हेडस्टॉकला तर सगळ्यात शेवटी हात लावा. एकदा हलवला की पुन्हा जागेवर आणायला अख्खा दिवस जातो.

मुळात तुमची चाचणीच फसवी आहे. 25 चा बार 120 बाहेर म्हणजे जवळजवळ पाचपट. आधाराशिवाय व्यासाच्या तिप्पट, फार तर चौपट. एका टोकाला धरलेल्या बारवर टूलचा दाब तोच राहिला, तरी बाहेरची लांबी दुप्पट झाली की तो आठपट वाकतो. त्यामुळे टोकाला तो टूलपासून मागे सरतो आणि तिथे जाड राहतो. लाटाही त्यातल्याच. म्हणजे 0.07 मधला काही भाग नुसत्या वाकण्याचा आहे. किती, ते वेगळं काढायला हवं.

त्यासाठी दोन कॉलरची चाचणी करा. 30 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बार घ्या, 100 बाहेर ठेवा. दोन्ही टोकांना 10 मिमी रुंद पट्टे (म्हणजे कॉलर) सोडून मधला भाग 2-3 मिमीने कमी करा. मग नीट धार लावलेल्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने 0.05 मिमीचा शेवटचा कट दोन्ही पट्ट्यांवरून घ्या. मध्ये क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे नेणाऱ्या आडव्या स्लाइडच्या) हँडलला हात लावायचा नाही. तोच कट डायल न हलवता आणखी एकदा फिरवा, म्हणजे वाकण्यामुळे राहिलेलं निघून जाईल. आता दोन्ही पट्टे मायक्रोमीटरने मोजा (व्हर्नियरने नको). 0.01 च्या आत फरक असेल तर घरच्या लेथला नावं ठेवू नका.

फरक जास्त आला, तर लेथ टेबलाला पकडणारे बोल्ट ढिले करा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर दोष लेथचा नाही, टेबलाचा. फळी सपाट नसते, बोल्ट आवळले की बेड (लेथचा लांब पाया) पिळला जातो, आणि सॅडल (बेडवरून टूल नेणारा भाग) टोकाकडे जाताना टूल हळूहळू अक्षापासून बाजूला सरकतं.

चाचणीआधी टूलची उंचीही तपासून घ्या. चकमधला बार आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची पातळ पट्टी हलकेच चिमटीत धरा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकलं तर वर. टूलखाली पॅकिंग पूर्ण लांबीचं घाला. नुसतं पुढे टाकलेलं पॅकिंग टूल आवळताना दगा देतं.

ब्लेडवाला
पार्टिंगबद्दल. 600 आरपीएम फार झाले. एमएसला एचएसएसने टर्निंगसाठी मिनिटाला 25 मीटर धरतात, पार्टिंगला त्याच्या निम्मे. 318 × वेग ÷ व्यास हे सूत्र: 318 × 12 ÷ 25, म्हणजे साधारण 150. आणि हे 150 लो गिअरवर काढा. हाय गिअरवर नॉब खाली आणून 150 केलेत तर मोटरमध्ये जोरच राहत नाही, ब्लेड जरा रुतलं की ती थांबते.

पण नुसत्या वेगाने ब्लेडवर जॉब चढत नाही. कुठेतरी ढिलाई आहे. कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) हाताने वर-खाली हलवा, मग क्रॉस स्लाइड, मग सॅडल. डायल गेज टेकवून ढकललं-ओढलं तर सुई 0.02 च्या पलीकडे जायला नको. गेली तर गिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) आवळा: लॉक नट सोडा, स्क्रू एकेक करत स्लाइड जड होईपर्यंत आवळा, मग प्रत्येकी अष्टमांश फेरा मागे. लॉक नट आवळताना एलन की स्क्रूमध्ये धरूनच ठेवा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि मेहनत वाया. सॅडल उचललं जात असेल तर बेडखालच्या पट्ट्याही बघा. हँडलची मोकळी फिरकी म्हणजे गिबची ढिलाई नव्हे. तो स्क्रूचा बॅकलॅश, कायम एकाच दिशेने कट लावला की त्याचा त्रास नाही.

मग: काप चकच्या शक्य तितका जवळ, ब्लेड 13-14 मिमीच बाहेर, अक्षाला काटकोनात (ब्लेडची बाजू चकच्या तोंडाला समांतर आहे का बघा), सॅडल लॉक. तेल ब्रशने सतत. फीड (ब्लेड आत नेण्याचा वेग) एकसारखा. किंचाळलं की सगळे हात आखडतात, मग ब्लेड कापायचं सोडून घासत बसतं आणि आणखी किंचाळतं. खोल गेल्यावर ब्लेड बाहेर काढून अर्धा मिमी बाजूला सरका आणि खाच रुंद करा, चिप अडकणार नाही. टेलस्टॉकचा सेंटर टेकवून आरपार पार्टिंग मात्र कधीच नको. शेवटी जॉब मोडून ब्लेड दोन्हीकडून दाबलं जातं.

दोनदा चक थांबलाय, तर हेडस्टॉकचे नायलॉन गिअर उघडून बघा. एखादा दात गेला असेल तर चक फेऱ्यागणिक टकटक करतो.

बीडकाम
मोजलं. टूल पाऊण मिमी खाली होतं, पॅकिंग घातलं. कॉलर 80 मिमी अंतरावर: बोल्ट आवळून 0.035 फरक, टोकाची जाड. बोल्ट ढिले केल्यावर 0.01. गिअरचे दात शाबूत आहेत. गिब आवळून 160 आरपीएमला 25 चा बार आरपार कापला, शेवटी थोडी कुरकुर.

गुण्या
म्हणजे टेबलच. बोल्ट ढिले असताना चारही पायांखाली फीलर गेज घालून बघा. जिथे फट आहे तिथे तेवढंच पातळ पॅकिंग टाका आणि मग आवळा. तरी टोक जाडच येत राहिलं तर टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या, पायाखाली 0.05 ची पत्री वाढवा. बेडचं ते टोक किंचित मागे कलतं आणि टूल जॉबकडे जातं. दर वेळी एकच पत्री, मग परत कट घेऊन मोजायचं. लाकडी टेबल असेल तर ऋतू बदलला की पुन्हा एकदा बघा, लाकूड हलतं.

सूतभर
टेलस्टॉकचं मागे घेतो, टेलस्टॉक न लावल्याचं वाचलंच नव्हतं. एक भर: बीड (कास्ट आयर्न) किंवा एमरी पेपरचं काम करताना बेडवर कागद पसरा. ती भुकटी स्लाइडखाली गेली की गिब कितीही आवळा, चकजवळचा बेड आधी झिजतो आणि मग तिथे ढिलं, टोकाला घट्ट असं होतं. काम झाल्यावर ब्रशने झाडा, हवेचा झोत नको, चिप्स आत घुसतात. मग 68 नंबरचं स्लाइडवे तेल, लीड स्क्रूलाही.