आधी चॅसी टोचून बघा

सुपरचार्जरवालं इंजिन टाकलं की 4 लाख किलोमीटर झालेली पिकअपही भरल्या लोडवर आंबा घाट आरामात चढेल, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय, ते मला पटतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे टर्बोसारखी एग्झॉस्टच्या धुराचा जोर वाढायची वाट न बघता इंजिन हळू फिरत असतानाच (कमी आरपीएमला) ओढ मिळते. पण ते इंजिन ज्यावर बसणार त्या चॅसीचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं, कोणीच बोललं नाही.

आमची गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहायची. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं ठिबकत राहिलं. इंजिन बदलायला उतरवलं तेव्हा इंजिन ज्यावर बसतं त्या चॅसीच्या आडव्या पट्टीवर (क्रॉसमेंबरवर) काळा रंग अगदी शाबूत होता. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत! ओंजळभर गंजाचे पापुद्रे खाली पडले. जुन्या इंजिनाचेच धक्के ती पट्टी कशीबशी सोसत होती, नव्या इंजिनाच्या वाढीव टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) फाटलीच असती. तेव्हा इसार देण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या, चॅसी हातोडीने वाजवत जा, बद्द आवाज येईल तिथे टोचून बघा. आणि इंजिन बदलायला आरटीओची मंजुरीही आधीच घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे ती लागते. आरसीवर नोंद नसेल तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.