काल्पनिक नोबेलविजेत्यांचा शोध खरा वाटावा म्हणून

इंदूरच्या चार शास्त्रज्ञांना खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाबद्दल (वीज अजिबात रोध न करता वाहू देणाऱ्या पदार्थाबद्दल) भौतिकीचं नोबेल मिळतं, ही तुमच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेची कल्पना आवडली. पण एक पात्र वगळा, पारितोषिक जास्तीत जास्त तिघांतच वाटता येतं. शोधानंतर लगेच नोबेल मिळालं तर प्रेक्षकांना पटेल का, असं तुम्ही विचारलंय. पटेल. बेडनोर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांचा नव्या प्रकारच्या अतिवाहकाचा शोध १९८६चा, नोबेल १९८७चं.

नाट्य आहे ते रोधाच्या मोजमापात. तपासायच्या पदार्थाच्या वडीला सिल्व्हर पेस्टने, म्हणजे चांदीच्या लेपाने, चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधलं व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडांचा स्वतःचा रोध त्यात मिसळत नाही. घोटाळा होतो तोही इथेच. थंड होताना वडी आकसते, सिल्व्हर पेस्टचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तडकतो, प्रवाह दुसरीच वाट धरतो आणि आतल्या तारांवर जवळपास शून्य दिसतं. अगदी शोध लागल्यासारखं! म्हणून प्रवाह उलटा करून पाहायचा, तारांची अदलाबदल करायची, आणि वडी अतिवाहकाप्रमाणे चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलते का, हे वेगळं तपासायचं. नुसतं तरंगणं हा पुरावा नव्हे, ग्रॅफाइटची पातळ चकतीही जोरदार चुंबकांवर तरंगते.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या यंत्राचा प्रसंग जरूर ठेवा, फक्त तिथल्या क्ष-किरणांनी स्फटिकरचना कळते, अतिवाहकता सिद्ध होत नाही. तडकलेला ठिपका भिंगाखाली सापडतो, तो प्रवेश त्याआधी घ्या.