मदत हवी आहे: रेंज नसलेल्या शाळेत मुलांकडून वेबपाने करून घ्यायची आहेत

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी ते आठवीला शिकवते. विषय गणित-विज्ञान, पण शिक्षक कमी असल्याने पुढ्यात येईल तो तास घ्यावा लागतो. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आहे. दोन लॅपटॉप आहेत, त्यातला एक विंडोज ७ वाला म्हातारा. माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना राउटर कपाटात पडून आहे. फोनला रेंज फक्त मागच्या टेकाडावर. वीज असते, पण भरवशाची नाही.

कागदोपत्री आमची शाळा 'डिजिटल' आहे. म्हणजे काय, तर प्रोजेक्टरवर कवितेचा व्हिडिओ लावायचा, मुलांनी माना डोलवायच्या, व्हिडिओ संपला की पडदा गुंडाळायचा. मला त्यापुढे जायचे आहे. मुलांनी वेबपान स्वतः लिहावे, त्याला दुवे द्यावेत, फोटो लावावेत आणि शेजारच्या वर्गाने ते उघडून वाचावे. विषयही ठरलाय. बीजमाता राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या (२०२० ची पद्मश्री), त्यामुळे गावठी बियाण्याचे मुलांना अप्रूप आहे. काळभात, वाल, घेवडा याबद्दल आज्यांना विचारून मुलांनी वह्या भरल्यात. एका आजीने तर बियाणे राखेत का ठेवायचे हे असे सांगितले की मीच लिहून घेतले. हे सगळे वहीत का पडून राहावे?

आता अडचणी. इंटरनेटशिवाय एका लॅपटॉपवरची पाने बाकीच्यांच्या फोनवर कशी उघडायची? म्हाताऱ्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये मराठी लिहून जतन केले की पानावर नुसती प्रश्नचिन्हे येतात, ते का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे मला केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडायचे आहे. तिथे 'मॅडम, आणखी एक ऑनलाइन काम नको' असे ऐकायला मिळणार, हे आत्ताच दिसतेय. व्यवस्थापन समिती दहा-बारा हजारांपर्यंत देईल. त्यात टॅब घ्यावेत का?

बिनतारी

टॅब मुळीच घेऊ नका, आधी कपाटातला राउटर काढा. राउटरला इंटरनेट लागतेच असे नाही. त्याचे पहिले काम घरातली यंत्रे एकमेकांना जोडणे हे आहे.

बरा लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. त्यावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाका, ती फुकट आहे. मुलांच्या पानांच्या फोल्डरमध्ये जाऊन एक ओळीची आज्ञा दिली की लॅपटॉप सर्व्हर होतो, म्हणजे बाकीच्या यंत्रांना पाने पुरवू लागतो. विंडोजची फायरवॉल परवानगी मागेल, ती खाजगी नेटवर्कपुरती द्या. निम्मे लोक इथेच 'नाही' दाबतात आणि मग दिवसभर राउटरला शिव्या घालतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर आज एक आकडा आणि उद्या दुसरा. त्या पत्त्याचा क्यूआर कोड तालुक्याला गेलात की छापून आणा आणि वर्गाच्या दारावर डकवा. आकडे टाइप करायला लावले तर फोन कधीकधी ते शोधायला निघतो आणि 'इंटरनेट नाही' म्हणून बसतो.

आणखी एक. अँड्रॉइड फोन या वायफायला जोडला की 'येथे इंटरनेट नाही, जोडून ठेवायचे का?' असे विचारतो. 'हो' म्हणायचे. न विचारता पुन्हा मोबाईल डेटावर उडी मारत असेल तर डेटा बंद करून ठेवा.

अनुस्वार

प्रश्नचिन्हांचे मी सांगते. जुन्या विंडोजवरचे नोटपॅड फाइल आपोआप 'एएनएसआय' पद्धतीने जतन करते आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. जतन करताना ते एक इशारा देते, आपण न वाचता 'ओके' करतो. अक्षरे तिथेच गेली, त्या फाइलमधून ती परत येत नाहीत. 'सेव्ह ॲज' च्या खिडकीत खाली एन्कोडिंगची (अक्षरे साठवायच्या पद्धतींची) यादी असते, त्यात 'यूटीएफ-८' निवडा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून नोटपॅड स्वतःच यूटीएफ-८ धरते, त्यामुळे बऱ्या लॅपटॉपवर बहुधा हा त्रास नसेल.

प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली तर मात्र घाबरू नका. फाइल धड आहे, ती कशी वाचायची एवढेच ब्राउझरला सांगायचे राहिले आहे. पानाच्या डोक्यात चारसेट यूटीएफ-८ असल्याचा मेटा टॅग (ब्राउझरसाठीची सूचना) घाला, झाले. मुलांना हे दोन्ही प्रकार मुद्दाम करून दाखवा. अक्षर म्हणजे संगणकासाठी आकडा असतो, हे गणिताच्या बाईंनी शिकवण्यासारखेच आहे.

फायलींची नावे मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या. विंडोजवर लहान-मोठे अक्षर चालून जाते, पुढे लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची फुकट प्रणाली) पाने हलवलीत की दुवे तुटतात.

खडूची_भुकटी

मी निवृत्त केंद्रप्रमुख. तांत्रिक भागातले मला कळत नाही, पण परिषदेत तुमच्यावर काय येणार ते कळते.

ताई, 'तंत्रज्ञान' हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत काढूच नका. मास्तर लोक पोर्टलच्या माहित्या भरून वैतागलेत, तो शब्द ऐकला की कान मिटतात. तुम्ही मुलाने लिहिलेले पान दाखवा, तेही मुलाकडूनच. आजीची राखेची गोष्ट दाखवा. 'हे भाषेचे उपक्रमशील लेखन आहे, परिसर अभ्यासाचा प्रकल्प आहे, वेगळी नोंद ठेवावी लागत नाही' एवढे बोला. चहाच्या वेळी दोघे-तिघे आपणहून येतील, बाकीच्यांच्या मागे लागू नका.

आणि यंत्र आणले म्हणजे शिक्षण आले, या थाटात तर मुळीच मांडू नका. कर्जत तालुक्यातल्या खैराटला, एकशिक्षकी शाळेत, २००७ सालीच 'एका मुलामागे एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. देशातला तो पहिला प्रयोग, तोही आपल्या रायगडात. किती शिक्षकांना आज तो ठाऊक आहे? उलट परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांचा क्यूआर कोड राज्यभर पोचला, कारण तो पोराच्या हातातल्या पुस्तकावर छापलेला होता. मास्तरला वेगळे काही सांभाळावे लागले नाही. (त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. हेही सांगा, सभागृह जागे होते.)

जुना_प्रोग्रामर

गुरुजींशी बराचसा सहमत, पण खैराटला इतके मोडीत काढू नका. त्या लॅपटॉपांत मुलांनी करून बघावे, एकमेकांशी जोडून घ्यावे हाच विचार होता. पाटीपेन्सिल ताई तेच म्हणताहेत, फक्त स्वस्तात.

दोन लॅपटॉप आणि एवढी मुले, याची काळजी करू नका. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्या क्लिक्स प्रकल्पात (२०१५ पासून राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम, तेलंगण) शाळेतल्या शाळेत सर्व्हर होता आणि एका यंत्रावर दोघे-तिघे एकत्र बसत. प्रणालीतच सोय होती की एकाने लॉगिन केले की सोबत्यांची नावेही जोडायची. तुमच्याकडे एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने वहीतून सांगायचे, तिसऱ्याने टॅग (कोनी कंसातली खूण) बंद झालाय का ते बघायचे. पाळी बदलत राहायची. तिसऱ्याचे काम सगळ्यात कठीण, बघालच.

मुलांच्या पानांशेजारी वाचायलाही काही ठेवा. किविक्सवर (नेटशिवाय वाचायचे फुकट सॉफ्टवेअर) मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून घेता येतो आणि त्याच वायफायवर सगळ्यांना देता येतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, मुक्त परवान्याच्या, तेव्हा मुलांनी त्यात फेरफार केले तरी चालते, मूळ लेखक-चित्रकारांचे नाव मात्र द्यायचे. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशने (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) बघा. बरीच मराठीत आहेत आणि नवी एचटीएमएलमधली असल्याने एकेक फाइल उतरवली की नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचे आधी घ्या. जुनी जावावाली घेऊ नका, डोकेदुखी आहे.

पैसे? लॅपटॉपसाठी बॅटरी आहेच, राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. उरलेल्यात म्हाताऱ्या लॅपटॉपला एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा आणि हलके लिनक्स टाका. विंडोज ७ ला २०२० पासून सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत, त्यामुळे तसेही ते बदलायलाच हवे.

चौकस_पालक

पान छान होईल आणि मग कोणीतरी म्हणेल, 'टाका की इंटरनेटवर.' तेव्हा थांबा. मुलांचे फोटो, पूर्ण नाव, गाव, इयत्ता हे सगळे एका पानावर असेल तर ते शाळेबाहेर जाऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळी मुले 'बालक' धरली आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. बियाण्याचा फोटो टाका, हाताचा टाका, चेहरा कशाला? आणि आजीलाही विचारा. तिचे बोलणे तिचे आहे.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुस्वार ताई, एन्कोडिंगचा इलाज लागू पडला, मुलीने 'काळभात' लिहिले आणि ते 'काळभात'च दिसले. आधीची प्रश्नचिन्हांची फाइल पाटी म्हणून ठेवली आहे, दुसऱ्या वर्गाला दाखवायला.

चौकस पालक, बरोबर आहे. पाने राउटरपुरतीच ठेवणार, नावाऐवजी मुलांनी स्वतः निवडलेली टोपणनावे. एकाने 'चिंबोरी' घेतलेय, कारण विचारले नाही.

खडूची भुकटी सर, टॅबचा विषय समितीपुढे मांडणारच नाही. एसएसडी आणि यूपीएस बसतात त्या पैशांत. फक्त परिषदेत मुलाला घेऊन येण्याची परवानगी कशी काढायची ते सांगा, शाळेच्या दिवशी आहे ती.

आणि बिनतारी, राउटर सुरू झाला, पण त्याचा पासवर्ड देणाऱ्यालाही आठवत नाही.

बिनतारी

मागे बारीक भोक असेल, त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. दिवे एकदा सगळे लागून विझले की सोडा. मूळ नाव आणि पासवर्ड तळाच्या स्टिकरवर असतो. आत शिरलात की पहिल्यांदा सेटिंगचा पासवर्ड बदला, आणि तुम्हाला माहीत असलेल्या मुलांना तरी सांगू नका.

खडूची_भुकटी

परवानगी मुख्याध्यापकांच्या सहीने 'सादरीकरणासाठी विद्यार्थी सहभाग' अशा विषयाचा अर्ज करून केंद्रप्रमुखांकडे आधीच द्या. सोबत पालकांचे संमतीपत्र आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी कोणावर हे लिहा. एकच मूल नेऊ नका, दोन न्या. एकटे मूल वीस मास्तरांसमोर गप्प होते.