बाटलीतलं रॉकेट आणि टाउन कोर्टाची तारीख

विषय: टाउन कोर्टात तारीख लागली आहे, माहिती हवी
४ नोव्हेंबर २०२४, एक सभासद, ऑल्बनी काउंटी

नमस्कार मंडळी,

नाव घालत नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनी कृपया आईला फोन करू नये.

यंदा नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. माझ्या धाकट्या भावाने पेनसिल्व्हेनियातून फटाके आणले होते. तिकडे २०१७ पासून रॉकेटं राजरोस मिळतात, इथे न्यूयॉर्कमध्ये बंदी. ड्राइव्हवेवर रिकामी बाटली ठेवून त्याने रॉकेट लावलं, बाटली कलंडली, आणि ते आडवं सुटून समोरच्यांच्या दारातल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यात घुसलं. पेंढाही पेटला आणि त्यावर बसवलेलं बुजगावणंही. तेव्हा पायरीवर डायनोसॉरच्या कपड्यातलं एक पोर हॅलोविनच्या खाऊसाठी पिशवी पुढे धरून उभं होतं. त्याला काही झालं नाही. समोरच्या आजोबांनी बागेच्या पाइपने आग विझवली आणि मग पोलिसांना फोन केला.

भावाला ठाण्यात नेलं. ठसे, फोटो सगळं झालं आणि रात्रीच अपिअरन्स तिकीट, म्हणजे कोर्टात हजर राहण्याची चिठ्ठी, देऊन सोडलं. त्यावर दोन आरोप आहेत. एक फटाक्यांचा आणि दुसरा ‘रेकलेस एन्डेंजरमेंट, सेकंड डिग्री’, म्हणजे बेदरकारपणे दुसऱ्याला धोक्यात घालणं. तारीख १९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच.

भाऊ एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. बाबा सध्या आमच्याकडे आहेत, ते नाशिकला कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांचं म्हणणं, हे तर आपल्या भारतीय दंड संहितेचं ३३६ कलम. उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि जेवायला घरी. वकील तीन हजार डॉलर मागतोय. साधारण दंड किती होतो, कुणाला कल्पना आहे का?

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
५ नोव्हेंबर, सचिव

ताई, काळजी वाटणं साहजिक आहे, पण मंडळाच्या या मेल-यादीवर १८० पत्ते आहेत. घटनेबद्दल यापुढे इथे काही लिहू नका. रविवारच्या फराळाच्या कार्यक्रमाची मेल वेगळी पाठवतो आहे, तिच्यावर उत्तर देताना हा विषय चिकटवू नये.

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
५ नोव्हेंबर, एक सभासद, ट्रॉय

एवढ्याशा रॉकेटला गुन्हा? कमाल आहे. चौथ्या जुलैला यांचे स्वतःचे लोक काय करतात ते पाहा. ताई, घाबरू नका, जज ऐकून हसेल.

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
५ नोव्हेंबर, कोर्टातली दुभाषी, स्केनेक्टेडी

जज हसणार नाही. हॅलोविनच्या रात्री दारात पोर उभं होतं, हे पोलिसाच्या कागदावर पहिल्याच ओळीत असेल.

मी कोर्टात हिंदी आणि मराठीची दुभाषी म्हणून काम करते. कायद्याचा सल्ला द्यायची मला मुभा नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका. खुर्चीत बसून जे वर्षानुवर्षं पाहिलं तेवढंच सांगते.

टाउन कोर्ट म्हणजे सिनेमातलं कोर्ट डोळ्यासमोर आणू नका. टाउन हॉलमध्ये ज्या खोलीत सोमवारी ड्रेनेजवर सभा होते, तिथेच मंगळवारी झेंड्याखाली जज बसतो. न्यूयॉर्क राज्यात टाउन आणि व्हिलेज कोर्टाचा जज वकील असलाच पाहिजे असा नियम नाही. दिवसा शेती किंवा दुकान सांभाळणारेही असतात, आणि त्यातले काही फार समंजस असतात. बाकावर वेगमर्यादा मोडलेले लोक बसलेले असतात. कोपऱ्यातल्या टेबलाशी फायलींचा ढीग घेऊन असिस्टंट डीए, म्हणजे सरकारी वकील, बसते आणि वकील तिच्यापुढे रांग लावतात. जे काही ठरतं ते बहुतेक त्या टेबलाशीच ठरतं. जजसमोरचं काम मग दोन-चार मिनिटांचं असतं. साक्षी-पुराव्यापर्यंत जाणारं प्रकरण विरळाच, आणि गेलंच तर सहा जणांची ज्युरी.

पहिल्या तारखेला ‘नॉट गिल्टी’ म्हणायचं. तेव्हा ते ‘मी काहीच केलं नाही’ असं सांगणं नसतं, पुढचं दार उघडं ठेवणं असतं. इथे आपल्या माणसांची जीभ अडते. एका गृहस्थांनी माझ्यामार्फत जजला विचारलं होतं, ‘पण मी केलंय ना, मग खोटं कसं बोलू?’ मला ते शब्दशः भाषांतरित करावं लागलं. त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

आता ‘सेकंड डिग्री’चं. हा क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतला वरचा वर्ग, कमाल शिक्षा ३६४ दिवस तुरुंग. २०१९ पर्यंत पूर्ण वर्ष होतं. इमिग्रेशनच्या काही तरतुदी ‘एक वर्षाची शिक्षा’ या शब्दांवर अडकतात, म्हणून राज्याने मुद्दाम एक दिवस कापला. पहिलीच वेळ, कुणाला इजा नाही, नुकसान भरून दिलेलं, अशा माणसाला तुरुंग झालेला मी पाहिलेला नाही. अशी प्रकरणं बहुधा तीन ठिकाणी जाऊन थांबतात.

सगळ्यात बरी ती एसीडी, म्हणजे पुढे रद्द करण्याच्या हेतूने प्रकरण तहकूब ठेवणं. दोन्ही बाजू राजी असल्या तर जज प्रकरण सहा महिने बाजूला ठेवतो. अटी असतात, म्हणजे पुन्हा भानगड नको, नुकसान द्या, कधी काही तास समाजसेवा. सहा महिने नीट गेले की प्रकरण रद्द होतं आणि फाइल सीलबंद. यात गुन्हा कबूल करावा लागत नाही, आणि ही कबुली किंवा दोषसिद्धी नाही असं कलमातच लिहिलेलं आहे.

दुसरं, आरोप उतरवून ‘डिसऑर्डरली कंडक्ट’वर आणायचा. हे व्हायोलेशन, राज्याच्या कायद्यात याला गुन्हा म्हणतच नाहीत. दंड २५० डॉलरपर्यंत आणि वर सरचार्ज. तुमच्याकडे फटाक्यांचा आरोपसुद्धा व्हायोलेशनच आहे, तेव्हा वकील त्याच्यावरही सौदा करू पाहील.

तिसरं म्हणजे मूळ मिसडिमीनरच कबूल करायचा आणि वर्षभराचा कंडिशनल डिस्चार्ज, म्हणजे अटींवर सुटका, घ्यायचा. त्या संध्याकाळपुरतं हे सगळ्यात सोपं वाटतं. तुरुंग नाही, दंड भरला, सुटलो. बाबा सांगताहेत ते हेच, आणि एच-वन-बीवाल्याने नेमकं हेच करायचं नाही.

म्हणून ‘दंड किती’ हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रकरण कोणत्या नावाखाली बंद होणार आणि वाटेत कबुली द्यावी लागणार का, हे विचारा.

आणखी एक. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं, मंडळाशी बोललेलं राहत नाही. सचिव बरोबर सांगताहेत. समोरच्या आजोबांची माफी मागायची तीव्र इच्छा होईल, तीही वकिलाला विचारून, तो सांगेल तशीच. आणि वकील परवडत नसेल तर पहिल्याच तारखेला जजला तसं सांगा. उत्पन्न पाहून पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचावाचा वकील, मिळू शकतो.

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
६ नोव्हेंबर, ताईंचे बाबा (ताईंच्या पत्त्यावरून)

दुभाषीबाईंना नमस्कार. मी ३३६ म्हटलं कारण कलमाचा गाभा तोच, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य. आमच्याकडे तीन महिने किंवा २५० रुपये दंड होता. जुलैपासून भारतीय न्याय संहितेत ते १२५ झालं आणि दंड २,५०० वर गेला. उभ्या उभ्या कबूल करून दंड भरून गेलेली माणसं मी रोज नोंदवहीत लिहिली आहेत. नोंदवहीतल्या त्या ओळीला परदेशात पाय फुटतात, हे मला माहीत नव्हतं.

एक शंका. मुलगा म्हणतो, बाटली कलंडेल हे मला वाटलंच नव्हतं. मग हा हलगर्जीपणा की बेदरकारपणा?

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
६ नोव्हेंबर, कोर्टातली दुभाषी, स्केनेक्टेडी

काका, नेमकं बोट ठेवलंत. इथल्या व्याख्येत ‘रेकलेस’ म्हणजे धोका दिसत होता आणि तरी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं. धोका लक्षातच आला नाही तर ती पायरी खालची. वकील त्या टेबलाशी हेच मांडेल. असिस्टंट डीए म्हणेल, रस्त्यावर पोरं फिरत होती, दिसत होती. या ओढाताणीतच सौदा होतो. पण मुलगा काय म्हणतो ते इथे लिहायला नको होतं.

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
७ नोव्हेंबर, एक सभासद, क्लिफ्टन पार्क

मी यातून गेलोय, प्रकरण वेगळं होतं. राज्याचा कायदा एक म्हणतो आणि इमिग्रेशन दुसरंच वाचतं. फेडरल व्याख्येत गुन्हा कबूल केला आणि काहीतरी शिक्षा झाली की ती दोषसिद्धी, मग राज्याने पुढे प्रकरण रद्द केलं तरी. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने म्युनिसिपल कोर्टात ‘कंडिशनल डिसमिसल’, म्हणजे अटी पाळल्यावर प्रकरण रद्द, असं घेतलं. तिथे आधी गिल्टी म्हणावं लागतं. घरी पेढे वाटले, आणि इमिग्रेशनच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

शिवाय २०१२ मध्ये इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने ॲरिझोनाच्या रेकलेस एन्डेंजरमेंटला ‘नैतिक अधःपतना’चा गुन्हा ठरवलंय, आणि तसा गुन्हा व्हिसाच्या आड येऊ शकतो. न्यूयॉर्कच्या सेकंड डिग्रीचे शब्द वेगळे आहेत, पण स्वतःवर प्रयोग कशाला? फौजदारी वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम सांगायलाच हवेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिला खटल्यात म्हटलंय. पैसे देण्याआधी तो प्रश्न विचारा. उत्तर देताना अडखळला तर दुसरा शोधा.

आणि सीलबंद झालं म्हणजे विसरलं असं नाही. व्हिसाच्या फॉर्मवर आणि नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ विचारतात, तिथे हो म्हणायचं. माझ्या मुलाखतीत अधिकाऱ्याने कोर्टाचं डिस्पोझिशनचं, म्हणजे प्रकरण कसं निकाली निघालं त्याचं, प्रमाणपत्र मागितलं. शिक्क्याच्या प्रती आधीच काढून ठेवा, नंतर खिडकीवर फार फेऱ्या होतात.

---

उत्तर: टाउन कोर्टात तारीख
३ ऑगस्ट २०२५, एक सभासद, ऑल्बनी काउंटी

नमस्कार. सचिवांनी परवानगी दिली म्हणून लिहिते.

दोन वेळा तारीख पुढे गेली. पहिल्यांदा असिस्टंट डीए बदलली, दुसऱ्यांदा बर्फ. वकील इमिग्रेशनचंही पाहणारा मिळाला, पैसे जास्त गेले. सुरुवातीला सरकारी बाजूने मिसडिमीनरच पुढे केला होता, आमच्या वकिलाने नाही म्हटलं. मग समोरच्या आजोबांचं मत विचारलं गेलं. ते म्हणाले, मला बुजगावण्याचे पैसे नकोत, पण त्या मुलाच्या आईला पत्र यायला हवं. वकिलाने मजकूर तपासून दिला, भावाने तो तीनदा लिहिला. १४ जानेवारीला एसीडी मिळाली, वीस तास समाजसेवेसह. ते त्याने फूड बँकेत डबे रचून केले. १४ जुलैला प्रकरण रद्द झालं. शिक्क्याच्या चार प्रती काढल्या, एक बाबा नाशिकला घेऊन गेले. कशाला, ते विचारलं नाही.

ती बाटली अजून गॅरेजमध्ये खोक्यात आहे. प्रकरण संपेपर्यंत फेकू नका असं वकील म्हणाला होता. आता फेकायला हरकत नसावी, पण विचारायला फोन केला तर तो पंधरा मिनिटांचे पैसे लावतो.