रात्रभर बटण बंद राहिले की रिसीव्हरच्या सर्व सेटिंग्ज पुसल्या जातात

प्रश्न : रावेरचा श्रोता

नमस्कार. माझ्याकडे सुमारे वीस वर्षांपूर्वीचा ५.१ चॅनेलचा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा, रेडिओ असलेला अँप्लिफायर) आहे. आवाज आजही उत्तम आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यापासून रात्री भिंतीवरील वीज-बोर्डाचे बटण बंद करून सकाळी सुरू केले, की स्पीकरची अंतरे, त्यांच्या पातळ्या, ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती ८० हर्ट्झची सीमा, इतकेच काय, रेडिओवर साठवलेले आकाशवाणीचे जळगाव केंद्रही नाहीसे झालेले असते. वीज दहा-पंधरा मिनिटे गेली तर मात्र काहीच बिघडत नाही. पुस्तिकेत सेटिंग्ज सुमारे एक आठवडा टिकतील असे लिहिलेले आहे. वळवाच्या दिवसांत विजांची भीती असल्यामुळे बटण बंद करण्याची घरात सर्वांनाच सवय आहे. एका दुरुस्ती दुकानात ‘मेन बोर्ड (रिसीव्हरमधील मुख्य सर्किट बोर्ड) गेला’ असे सांगण्यात आले. ते खरे असेल का?

उत्तर : भुसावळहून

पंधरा मिनिटांत काही होत नाही आणि रात्रभरात सर्व पुसले जाते, यावरून मेन बोर्डपेक्षा मेमरी राखणाऱ्या कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या घटकावर) अधिक संशय येतो. त्या काळातील अनेक रिसीव्हरांत सेटिंग्ज वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असत, आणि वीज नसताना ती मेमरी जागी ठेवण्याचे काम जाड नाण्याच्या आकाराचा एक सुपरकपॅसिटर, म्हणजे खूप भार साठवणारा कपॅसिटर, करीत असे. (आपल्याकडील जुने मेकॅनिक त्याला अजूनही ‘कंडेन्सर’च म्हणतात.) त्यावर बहुधा ५.५ व्होल्ट आणि ०.०४७, ०.१ किंवा ०.२२ फॅरड (धारणक्षमतेचे एकक) असे छापलेले असते. वयानुसार त्याची धारणक्षमता घटते आणि गळती वाढते. उष्णतेने ही झीज वेगाने होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यात रिसीव्हर काचेच्या बंद कपाटात असेल, तर त्या बिचाऱ्याची अवस्था काय होत असेल ते पाहा.

खात्री करायची असल्यास रिसीव्हर एक रात्र स्टँडबायवर (वीज चालू, पण रिसीव्हर स्वतःच्या बटणाने बंद) ठेवावा, नंतर प्लग काढून अर्धा तास थांबावे, कारण वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही धोकादायक भार उरलेला असू शकतो. मग झाकण उघडून सुपरकपॅसिटरच्या दोन टोकांवरील व्होल्टेज मोजावे आणि दर तासाने पुन्हा पाहावे. मल्टीमीटरची टोके क्षणभरच टेकवावीत; ती लावून ठेवली तर मीटरच थोडा थोडा भार खाऊन टाकतो. पाच व्होल्टांच्या आसपासचे माप काही तासांतच दोनवर आले, तर बहुधा दोष सापडला असे समजावे.

उत्तर : धुळ्याचा एक हौशी दुरुस्तीकार

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. सुपरकपॅसिटरच्या जागी लिथियमचे बटण-सेल बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. तेथील परिपथ त्या घटकाला सतत भार देत असतो आणि साधा लिथियम सेल असा भारला गेला, तर फुगतो किंवा फुटतो. सुपरकपॅसिटर त्याच फॅरडचा, ५.५ व्होल्टांचा घ्यावा, धन-ऋण टोके जुळवावीत आणि जुन्यातून द्रव गळून खालच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या आहेत का, तेही पाहावे. बोर्ड ‘गेलेला’ असेल तर बहुधा एवढ्यापुरताच.

विजांबद्दल सांगायचे तर भिंतीवरील बोर्डाच्या बटणाने फक्त फेज तुटतो. न्यूट्रल आणि रेडिओच्या अँटेनाची तार जोडलेलीच राहते. म्हणून कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि अँटेना दोन्ही काढावीत, आणि एरवी रिसीव्हर स्टँडबायवर राहू द्यावा.

प्रश्नकर्ता पुन्हा

दोघांचेही आभार. सुरुवातीला ४.७ व्होल्ट होते. तीन तासांनी १.६ उरले. माझ्या मावसभावाकडे सोल्डरिंगचा हात असल्यामुळे त्याने ०.०४७ फॅरडचा नवा घटक बसवून दिला आणि खालच्या रेषा शाबूत निघाल्या. पाच दिवस प्लग काढून ठेवल्यानंतर काल सुरू केला, तेव्हा जळगाव केंद्र जागेवर होते. दुरुस्तीनंतर लगेच स्पीकरची अंतरे मात्र पुन्हा टेपने मोजून भरावी लागली होती, कारण ती मी कधीच कोठे लिहून ठेवली नव्हती. आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे. वडील अजूनही बटण बंद करतातच.