मदत हवी आहे: अकरा महिने झाले, घर काही जात नाही

मंडळी, दोन बेडरूमचं घर विकायला काढलंय. पहिल्या तीन आठवड्यांत चौदा जण येऊन गेले. दोघांनी आकडाही सांगितला, आमच्यापेक्षा साधारण आठ टक्के कमी. इतकी काय घाई, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. आता फोन वाजत नाही. गेल्या दोन महिन्यांत एकच कुटुंब आलं आणि दहा मिनिटांत निघालं. आमच्या मागून विकायला निघालेलं शेजारचं घर मात्र दीड महिन्यात गेलं, आणि त्याचं स्वयंपाकघर बघवत नाही!

किंमत अशी धरली: घेतलेली रक्कम, स्वयंपाकघर नवं केलं तो खर्च, मधल्या वर्षांची वाढ, वर घासाघिशीसाठी दहा टक्के. एजंट म्हणतो, कमी करा. भाऊ म्हणतो, त्याला कमिशनची घाई आहे. चुकतंय कुठे?

उंबरठा: ते वरचे दहा टक्के आधी काढा. लोक हल्ली बजेटची मर्यादा टाकून घरं शोधतात. ज्यांना तुमचं घर परवडतं त्यांना ते दिसतच नाही, आणि ज्यांना दिसतं ते त्याच पैशात तीन बेडरूमची घरं बघतायत. घासाघीस करायला माणूस आधी दारात यायला हवा ना. शिवाय अकरा महिने जुनी जाहिरात बघून 'काहीतरी खोट असणार' हाच पहिला विचार येतो. खोट नसली तरी. सुरुवातीचे तीन आठवडे हीच तुमची खरी संधी होती.

जुना हिशोब: स्वयंपाकघराचा खर्च तुमचा, गिऱ्हाइकाचा नाही. तो शेजारचं घर कितीला गेलं ते विचारतो. यात तुम्ही एकटे नाही. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी बॉस्टनमधल्या 1990 च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास 2001 मध्ये छापला. घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागेल अशी वेळ आलेले मालक भाव चढा सांगत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत. बाजाराला तुमची खरेदीची पावती कुठे माहीत असते?

कडीकोयंडा: भावाचा संशय अगदीच खोटा नाही हं. लेव्हिट आणि सिव्हरसन यांच्या 2008 च्या अभ्यासात शिकागो भागातल्या एजंटांची स्वतःची घरं, त्यांनी इतरांसाठी विकलेल्या घरांपेक्षा, सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबून 3.7 टक्के जास्त भावाने गेली. पण ते दिवस आहेत, महिने नव्हेत. आणि कर्जाचे व्याजदर बघितलेत का? वीस वर्षांच्या कर्जावर दर 7 चा 9 टक्के झाला, तर त्याच हप्त्यात मिळणारं कर्ज सुमारे 14 टक्क्यांनी घटतं. गिऱ्हाईक तेच, ऐपत कमी.

उंबरठा: एक राहिलं. ते कुटुंब दहा मिनिटांत का निघालं? लोक येतच नसतील तर किंमत किंवा फोटो तपासायचे. येऊन गप्प जात असतील, तर घरात बघायचं.

धागाकर्ता: आता सांगतो. मूळ घर तीन बेडरूमचं. आम्ही दोन खोल्या जोडून एक मोठी केली, आणि त्या भानगडीत दुसरी बेडरूम पहिलीतून जाऊनच लागते. आम्हाला दोघांना सोयीचं होतं. त्या बाईंनी तेवढंच विचारलं होतं, "मुलं मोठी झाल्यावर काय करायचं?" मी हसण्यावारी नेलं.

जुना हिशोब: मग गिऱ्हाईक आधीच थोडं आहे. अशा घराला वेळ लागतोच, आणि वेळ नको असेल तर भावात द्यावं लागतं. भिंत परत घालायला किती येईल ते विचारा. घालू नका लगेच. खर्चाचा कागद मात्र येणाऱ्याच्या हातात ठेवा. नाहीतर तो मनातल्या मनात दुप्पट धरतो.

धागाकर्ता: उद्या गवंड्याला बोलावतो. दहा टक्के आजच काढले, भावाला अजून सांगितलेलं नाही. त्या आठ टक्केवाल्या दोघांपैकी एकाचा नंबर आहे. आता फोन केला तर तो अजून खाली उतरेल का?